मागच्या सीटचे चार मिलिमीटर

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तब्येतीची चौकशी करत नाही; मागे केली होती तेव्हा "तब्येत ही मोघम संज्ञा आहे, नेमकं काय विचारायचं आहे ते लिही" असं तुमचं उत्तर आलं होतं. फोनवर विचारलेल्या प्रश्नांना तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून हा कागद.

नेमकं विचारायचं आहे ते माझ्या मोटरसायकलविषयी. फोटोकॉपीची यंत्रं दुरुस्त करत मी शहरभर हिंडते ती याच गाडीवर. रोज सकाळी आधी आईला मागे बसवून तिच्या गणवेशांच्या कारखान्यात सोडते, मग माझी यंत्रं. गाडीचे मागचे शॉकअप मेलेले आहेत. खड्डा आला की आई उडते आणि खाली आली की बोलते. "ही गाडी आहे की खलबत्ता" हे त्यातलं तुम्हाला कळवण्याजोगं. गेल्या आठवड्यात पाठ धरली म्हणून दोन दिवस घरी बसली. तिने घरी बसणं मला परवडत नाही, पैशांनी आणि कानांनीही. बस दोनदा बदलावी लागते, आणि बसमधल्या माणसांविषयी तिचं मत तुमच्याइतकंच चांगलं आहे.

मेकॅनिक म्हणतो, नवी जोडी टाका. किंमत ऐकून मी विचारलं, त्यात गाडीही येते का. तेव्हा कमीत कमी खर्चात काय करता येईल ते कळवा. जन्मभर कंपनशास्त्र शिकवलेला मामा नात्यात असून आईने रोज आदळत जावं, हे मला पटत नाही.

आईला हे पत्र माहीत नाही. कोटाच्या बाहीचं प्रकरण होऊन सहा वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की ती अजून मापाची टेप शोधायला लागते.

तुमची भाची


१२ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद शेवटी, आधी चुका.

"शॉकअप" नावाची वस्तू कोणत्याही गाडीला नसते. तिथे स्प्रिंग आणि डॅम्पर अशा दोन वस्तू एकमेकींभोवती बसवलेल्या असतात. पहिली भार उचलते, दुसरी पहिलीचा नाच थांबवते. "मेलेले आहेत" हे निदान नव्हे, शोकसंदेश आहे. मेलं कोण? स्प्रिंग बसली आहे, डॅम्परमधलं तेल गळलं आहे, की दोन्ही टोकांची रबरं झिजली आहेत? तिन्हींचा उपचार निराळा, खर्चही निराळा. तुझ्या मेकॅनिकला हा फरक माहीत असण्याची मी अपेक्षा करत नाही. तो माझाच विद्यार्थी असण्याची शक्यता मात्र नाकारत नाही.

कशालाही हात लावण्यापूर्वी मोज. मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं: एकदा तू एकटी बसलेली असताना, एकदा मागे आई बसल्यावर. या दोहोंतला फरक म्हणजे मागच्या माणसाने गाडी किती बसवली ते. पट्टी वाचणारा माणूस तिसरा हवा. बसलेल्याने वाकून वाचायचं नाही, कारण वाकलं की भार सरकतो. आईचं वजन कळव. अंदाज नको.

कोटाविषयी. माझ्या सत्काराला तिने शिवून पाठवलेल्या कोटाची उजवी बाही पाव इंच लांब होती. ते मत नव्हतं, मोजमाप होतं. कोट परत पाठवताना मी मोजमापाची चिठ्ठी सोबत जोडली होती. तिच्यावर "बाही बरोबर आहे, तुझा हात आखूड आहे" असं उत्तर येणं हे शास्त्रीय चर्चेचं लक्षण नव्हे.

आशीर्वाद.

मामा


२६ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र वाचलं, पटलं, आणि मोजण्याआधीच खरेदी करून बसले. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एका दांडग्या मोटरसायकलची जोडी अगदी स्वस्तात मिळाली. लांबी जुळली, बोल्टची भोकं जुळली, शिवाय रंग लाल. विकणारा म्हणाला, "ताई, यावर हत्ती बसवा."

हत्ती बसवायला हवा होता. आई बसवली. आधी ती खड्ड्यात पडायची, आता खड्ड्यातून फेकली जाते. पहिल्याच दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उतरून म्हणाली, "कालपर्यंत खलबत्ता होता, आज गलोल झाली. उद्या मी चालत येईन, तू मागून दगड मार, तेवढंच कमी लागेल."

वजन विचारलं तर म्हणाली, साठ. पुरावा मागितला तर म्हणाली, "मी काय सिमेंटचं पोतं आहे, वर छापलेलं असायला?"

तुमची भाची


५ मार्च

चि. भाचीस,

जिला रंगावरून स्प्रिंग निवडता येते तिला माझ्या सल्ल्याची गरज काय, हे मला कळलेलं नाही.

जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला लावली की ती दबतच नाही. दबणं हेच तिचं काम. न दबणारी स्प्रिंग म्हणजे महाग लोखंडी कांब. ती जोडी ज्या हत्तीवाल्याकडून घेतलीस त्याच्याच गळ्यात परत मार. बदल्यात तुझ्याच गाडीच्या जातीची, शक्य तितकी कमी वापरलेली जोडी माग. दांडा पुसून बघ: तेलाचा ओघळ नको, दाबून सोडल्यावर एका दमात वर यावी, दोनदा हलू नये. दोन्ही टोकांची रबरं मात्र नवी घाल. ती फुटकळ किमतीची असतात, आणि गाडीचा निम्मा खडखडाट त्यांच्यामुळे असतो. स्प्रिंगखाली खाचांची एक फिरती कडी असते. ती सर्वांत खालच्या खाचेवर ठेव आणि मी सांगेपर्यंत हलवू नकोस.

मग मोज. आईआधी मागच्या सीटवर नक्की ठाऊक असलेलं वजन ठेवून मोज. तुझ्या धंद्यात कागदाला तोटा नसावा. जुन्या स्प्रिंगा वापराने आणखी बसतात, म्हणून दर महिन्याला हीच मोजणी पुन्हा करून कळवत जा.

मामा


२ एप्रिल

तीर्थरूप मामा,

कळवताना मला आनंद होतो आहे, आणि तुम्हाला तो व्यर्थ वाटेल हेही माहीत आहे.

हत्तीवाल्याने जोडी बदलून दिली. वरचे पैसे मागत होता. मी त्याला तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत त्याने हात जोडले. रबरं नवी, कडी खालच्या खाचेवर.

पट्टी वाचायला खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशिअर येतात. आकडा दोनदा मोठ्याने म्हणतात आणि तिसऱ्यांदा अक्षरांत. तीस किलो कागदाला गाडी दहा मिलिमीटर बसली. आईला वीस. म्हणजे साठ किलो हे तिचं म्हणणं निघालं खरं. मोजणी कशासाठी ते मी तिला सांगितलेलं नाही. गाडीची तपासणी आहे म्हटलं. ती म्हणाली, "तपासायची ती गाडी, आणि घोड्यावर बसवलं मला."

पण मामा, आई उडत नाही. परवा मोठ्या खड्ड्यातून गेले. मागून आवाज नाही, म्हणून घाबरून मान वळवली. ती म्हणाली, "समोर बघ. बोलण्यासारखं काही झालं नाही." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र या घरात आजवर कुणाला मिळालेलं नाही.

तुमची भाची


९ एप्रिल

चि. भाचीस,

वीस ठीक. पुढच्या महिन्यात एकवीस येईल. आनंदाविषयीचा मजकूर वाचला.

मामा


११ मे

तीर्थरूप मामा,

एकवीस नाही, अठरा आले. कॅशिअरांनी तीनदा वाचलं. कडीला कुणी हात लावलेला नाही.

बाकी ठीक. आई सध्या जेवते माझ्या दुप्पट आणि खेकसते चौपट. घाम येतो, पंखा आपल्याकडे ओढून घेते. सुईत दोरा मात्र मला ओवायला लावते. म्हणते, कारखान्यातले दिवे भिकार आहेत, डोळे गेले.

तुमची भाची


१८ मे

चि. भाचीस,

स्प्रिंग थकते म्हणजे बसते. वापराने ताठ होत जाणारी स्प्रिंग अजून घडायची आहे. घडली तर तिच्यावर मी ग्रंथ लिहीन. तेव्हा चूक मोजणीत आहे. कारणं दोन संभवतात. पहिलं, कॅशिअर. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या त्याला मिलिमीटर हे चिल्लर वाटणं स्वाभाविक आहे. दुसरं, नवी रबरं बोल्ट अतिघट्ट केल्यामुळे अडकत असतील. बोल्ट ढिले कर, गाडी चार वेळा दाबून सोड, मग योग्य तेवढेच आवळ. त्यानंतर तिन्ही मोजण्या नव्याने घे: तू एकटी, कागद, आणि आई.

इतकी साधी गोष्ट तीन माणसांना मिळून जमू नये याचं मला आश्चर्य वाटत नाही, हीच खेदाची बाब आहे.

मामा


९ जून

तीर्थरूप मामा,

बोल्ट ढिले केले. गाडी दाबली. बोल्ट आवळले. पट्टी नवी आणली, आणि कॅशिअरांना चष्मा पुसायला लावला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी एकटी: एप्रिलमध्ये होतं तेच, केसभरही फरक नाही. तीस किलो कागद: दहा, तेच. आई: सोळा.

आता तुमच्या ग्रंथाला सुरुवात करा, मामा. एप्रिलमध्ये वीस, मेमध्ये अठरा, आता सोळा. तुम्ही म्हणालात स्प्रिंग बसेल, ती उठून उभी राहते आहे. चार महिने मी तुमच्या शाब्दिक चपराका खाल्ल्या त्या एका गृहीतकावर, की तुमचं शास्त्र तरी बरोबर असतं. आईची कुरकुर परत सुरू झाली आहे, ती निराळीच. म्हणे सीट टोचते, खाली उशी घाल. गाडी आदळत नाही, तरी टोचते. कारखान्यातल्या बायका तिला म्हणतात, तुमचे कपडे कसे अंगावर ओतल्यासारखे बसतात. त्यावर ती म्हणते, "शिवणारीला विचारा," आणि खूश होते. एवढी एकच गोष्ट सध्या तिच्या मनासारखी आहे.

तुमची भाची


१३ जून, खास टपालाने

चि. भाचीस,

तुझ्या तीन आकड्यांत चूक नाही. चूक ते वाचणाऱ्याची होती.

तू तीच, कागद तोच, दोन्हींचे आकडे तेच. याचा अर्थ स्प्रिंगा जशा होत्या तशाच आहेत. बदललेली वस्तू एकच. तीस किलोंना दहा मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला तीन किलो. चार मिलिमीटर कमी, म्हणजे बारा किलो. गाडीला काही झालेलं नाही. तुझी आई दोन महिन्यांत बारा किलोंनी हलकी झाली आहे, दुप्पट जेवून.

तुला ते दिसलं नाही, कारण माणूस वाळला की आधी त्याचे कपडे सैल पडतात, आणि तिचे पडले नाहीत. का पडले नाहीत याचा विचार कर. लहानपणी मी आजारातून उठलो तेव्हा तिने माझे सगळे सदरे आत घेतले होते, वर्गातल्या पोरांनी हसू नये म्हणून. कुणालाही कळलं नाही. तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर तिच्या हाताला सफाई आलीच असणार. तिचे कपडे उलटे करून शिवणी बघ. मग तिला डॉक्टरकडे ने. ती नाही म्हणेल. तरी ने.

मी आज घरच्या फोनवर फोन केला होता. तिने उचलला. मी ठेवून दिला. तुझा स्वतःचा नंबर मी कधी लिहून घेतलेला नाही. तो उलटटपाली कळव.

मामा


२७ जून

तीर्थरूप मामा,

ती आंघोळीला गेली तेव्हा मी कपाट उघडलं. प्रत्येक कपडा आत घेतलेला होता. काखेत, कमरेला, खांद्यावर. एकीशेजारी एक अशा तीन-तीन शिवणी, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. बाहेरून सुरकुती नाही. रोज तिला मागे बसवून नेणारी मी, आणि मला कळलं नाही. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात ते कृपा करून कळवू नका; ते मी स्वतःला म्हणून झालं आहे.

ती बाहेर आली आणि दारातच थांबली.

"उलटं करून काय बघतेस? लोकांची उलटी बाजू बघणं बरं नव्हे."

"बारा किलो, आई."

"कोण म्हणतं?"

"गाडी म्हणते."

"गाडीला तोंड कधी फुटलं?"

"मामांनी फोडलं."

ती पलंगावर बसली. टेपची गुंडाळी करत, सोडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं. पट्ट्याला नवीन भोकं पाडत होते. रोज सकाळी ते भोक दिसायचं. मी ठरवलं, माझी वेळ आली तर तुला भोक दिसायला नको. शिवण आत घेतलेली बरी, दिसत नाही."

बाबांच्या शेवटच्या वर्षाविषयी ती त्यांच्यामागे पहिल्यांदाच बोलली. तिला तोच आजार वाटत होता, मामा. ती एकटी ते धरून बसली होती आणि मी तिला पट्टीशेजारी बसवून मिलिमीटर मोजत होते.

डॉक्टरकडे नेलं. नाही म्हणाली, तरी नेलं. काट्यावर अठ्ठेचाळीस. तुमचा आकडा, तंतोतंत. तपासण्या झाल्या. तो आजार नाही. थायरॉईड आहे, गळ्यातली ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. वजन, घाम, भूक, खेकसणं, सगळं तिचंच. सुईत दोरा ओवता येत नव्हता तो दिव्यांमुळे नव्हे, हात कापत होते. गोळ्यांनी ताब्यात येईल. आणखी उशीर झाला असता तर हृदयावर आलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आईने विचारलं, "खेकसणं सगळं तिचंच?" डॉक्टर म्हणाल्या, बरंचसं. आई म्हणाली, "मग ती अगदीच निरुपयोगी नाही."

माझा नंबर खाली लिहिला आहे.

तुमची भाची


२० सप्टेंबर

दादा,

हात थांबले आहेत, म्हणून हे पत्र. कापऱ्या अक्षरात तुला लिहिलं असतं तर तू चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या असत्यास.

आधी फोनचं. उचलल्यावर पलीकडे कुणी नुसता श्वास घेत असेल तर तो कुणाचा ते मला कळतं. लहानपणापासून तू चिडलास की नाकाने घेतोस आणि घाबरलास की तोंडाने. त्या दिवशी तोंडाने घेत होतास.

माझ्या शिवणीत तू दोनदा खोट काढलीस. पहिल्यांदा चुकलास. दुसऱ्यांदा बरोबर निघालास, तेही कपडा न बघता, पत्रावर. हे मी लेखी मान्य करते, वर तारीख आहेच. पुन्हा कधी वर्गात शिकवलंस तर उदाहरण म्हणून वापर. नाहीतरी तुझ्या उदाहरणांत कधी माणूस नसतो, असं तुझेच विद्यार्थी म्हणत.

एक गोष्ट मात्र तुझ्या पट्टीला कळली नसेल. मी शिवणी आत घेतल्या, पण कापड कापलं नाही. कुठल्याही शिंप्याने कापलं असतं. आत गोळा राहतो, टोचतो, बसायला त्रास होतो. मी सगळं आत तसंच ठेवलं. का ठेवलं ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता एकेक शिवण उसवते आहे. परवाच्या मोजणीला अठरा आले. कॅशिअरांनी ते अक्षरांतही म्हटलं.

तुझा कोट माझ्याकडे आहे. सहा वर्षांत एकदाही उसवलेला नाही, कारण तो बरोबर आहे. ये. तुझे दोन्ही हात माझ्या टेपने मोजू. आकडा कॅशिअर वाचतील, तिसरा माणूस हवा असतो ना. हात सारखे भरले तर बाही पाव इंच आत घेऊन देईन आणि पुन्हा बोलणार नाही. सारखे भरले नाहीत तर कोट घालायचा, आणि तुझ्या त्या मोजमापाच्या चिठ्ठीवर चूक कबूल म्हणून सही करून ती मला परत द्यायची. मी ती जपून ठेवली आहे.

तुझी बहीण


२९ सप्टेंबर

चि. भाचीस,

आशीर्वाद आधी.

शनिवारी दुपारच्या गाडीने पोचतो. स्टेशनवर मोटरसायकलच घेऊन ये. मागची सीट मला स्वतः बसून तपासायची आहे. माझं वजन एकोणऐंशी किलो, कालच काट्यावर पाहिलं, बूट घालून. कडी दोन खाचा वर घे. मला पोचवलंस की आईसाठी ती लगेच पूर्ववत खाली आण; तिला ताठ स्प्रिंगवर एक दिवसही बसवायचं नाही.

तिला सांग की पत्र मिळालं. शुद्धलेखन निर्दोष आहे. माझे दोन्ही हात मी आरशासमोर उभा राहून मोजले. एकट्याने स्वतःचे हात मोजणं ही पद्धत सदोष असते, तेव्हा आलेला आकडा कळवत नाही.

कोटाला इस्त्री करून ठेवायला सांग.

मामा